धावपट्टीवरचं ‘हो’

फेब्रुवारी २००८ मधला मंगळवार. सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी मृणालिनी दाणी धावपट्टीवर ताशी चाळीस मैलांच्या वेगाने गाडी चालवत होत्या. समोरच्या काचेवर बर्फ आडवा येत होता. त्यांच्या गाडीला पाच चाकं आहेत. पाचवं डिकीखाली दडलेलं असतं. बटण दाबलं की ते जमिनीला टेकतं आणि धावपट्टी किती निसरडी झाली आहे ते आकड्यात सांगतं. आकडा चाळीसच्या वर असेल तर काळजी नाही. खाली जाऊ लागला की उतरणाऱ्या वैमानिकाला तसं कळवावं लागतं. त्या वेळी आकडा छत्तीस होता.

न्यू जर्सीतला हा विमानतळ लहान आहे. मोठी धावपट्टी एकच, आणि येणारी विमानं बहुतेक पन्नास आसनांची. व्यवस्थापनाच्या विनंतीवरून त्याचं नाव इथे दिलेलं नाही. नियम मात्र जगभर एकच: विमान उतरत असताना धावपट्टीवर गाडी असता कामा नये. एरवी टॉवरमधल्या माणसाला सगळं डोळ्यांनी दिसतं. बर्फ पडत असला की काचेबाहेर नुसता पांढरा पडदा असतो. जमिनीवर कोण कुठे आहे हे दाखवणारं रडार इथे नाही. तेव्हा टॉवर कानांवर चालतो. गाडीतला माणूस जे सांगेल ते खरं धरायचं.

त्या सकाळी टॉवरमध्ये वॉल्ट कोवॅक होते. नोकरीला एकोणीस वर्षं झालेले. मृणालिनींनी त्यांचा आवाज दोन हिवाळे रोज ऐकला होता. माणूस पाहिलेला नव्हता. विमानतळावर हे नेहमीचंच. टॉवरची माणसं वर, गाड्यांची खाली, मध्ये फक्त रेडिओ.

कोवॅक यांनी त्यांना ‘ऑप्स फाइव्ह’ या नावाने हाक मारली. हे पाच नंबरच्या गाडीचं रेडिओवरचं नाव. विमान येतंय, डेल्टाने बाहेर पडा, असं ते म्हणाले. धावपट्टीवरून बाहेर निघणाऱ्या रस्त्यांना अक्षरांची नावं असतात, त्यातला डेल्टा सगळ्यात जवळचा. मृणालिनींनी वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं आणि गाडी वळवली.

डेल्टाच्या तोंडाशी बर्फाचा बांध होता. बर्फ लोटणारा प्लाव धावपट्टी साफ करत पुढे गेला होता आणि कडेला सारलेला ढीग तिथेच राहिला होता. मागून येणारा दुसरा प्लाव तो उचलणार होता, पण अजून पोचला नव्हता. मृणालिनींची गाडी बुटकी. त्या ढिगात ती रुतलीच असती. त्यांनी ती मागे घेतली आणि पुढच्या रस्त्याकडे, एकोकडे, निघाल्या. टॉवरला हे कळवायला त्या माइक उचलत होत्या, तेवढ्यात कोवॅक यांचाच आवाज आला.

“ऑप्स फाइव्ह, यू आर नॉट क्लिअर येट?”

अजून बाहेर नाही ना पडलात? मृणालिनी म्हणाल्या, “येस.”

मृणालिनींना आपल्या उत्तरात काही वावगं वाटलं नाही. आपण धावपट्टीवरच आहोत हे आपण सांगितलं, आता तो विमानाला थांबवेल, अशी त्यांची समजूत होती. विमान तीन मैलांवर होतं. त्या वेगाने तीन मैल म्हणजे दीड मिनिटसुद्धा नाही.

मग कोवॅक पुन्हा बोलले, या वेळी शब्द सुटे करून. “ऑप्स फाइव्ह. धावपट्टीवर आहात, की बाहेर आहात, ते सांगा.”

“धावपट्टीवर,” मृणालिनी म्हणाल्या. “ऑप्स फाइव्ह धावपट्टीवर आहे.”

पुढचं वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं. विमानाला न उतरता वर जायला सांगितलं गेलं, आणि वैमानिकाने ते शांतपणे परत म्हटलं. मृणालिनी एकोतून बाहेर पडत असताना डोक्यावरून आवाज गेला. दिसलं काहीच नाही.

त्या विमानात चव्वेचाळीस प्रवासी होते. एक फेरा मारून ते सुखरूप उतरले. उशीर झाल्याबद्दल त्यातल्या एकाने विमान कंपनीच्या खिडकीवर जाऊन तक्रार केली.

मृणालिनींना हे संध्याकाळी कळलं. “ती तक्रार मला फार आवडते,” त्या आता म्हणतात. “तो माणूस चिडून घरी गेला. घरी गेला.”

नऊ वाजता त्यांचे वरिष्ठ व्हिन्स पालुम्बो यांनी त्यांचं धावपट्टीवर गाडी नेण्याचं ओळखपत्र काढून घेतलं. असं काही घडलं की चौकशी होईपर्यंत परवाना थांबतो, हा नियम आहे. परवाना गेला तर या विभागात काम उरत नाही. कर्मचाऱ्यांना पार्किंगपासून इमारतीपर्यंत नेणारी बस हा एकच पर्याय होता. ती मृणालिनींनी तीन वर्षं चालवली होती.

त्यांनी पालुम्बोंना ठामपणे सांगितलं, “मी बाहेर पडलेले नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं.”

पालुम्बोंनी ध्वनिफीत लावली. प्रश्न आला, मग उत्तर आलं. येस.

“बघा,” मृणालिनी म्हणाल्या. “सांगितलंय.”

पालुम्बोंनी फीत पुन्हा लावली. “लिनी,” ते म्हणाले. विमानतळावर कोणाला अख्खं मृणालिनी जमत नाही. “यात तू बाहेर पडल्याचं सांगते आहेस.”

त्यांनी तिसऱ्यांदा ऐकलं. आवाज आपला, शब्द आपला, आणि तरी समोरचा माणूस काय म्हणतोय ते त्यांना उमगेना. पालुम्बो आपल्याला फसवत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. म्हणूनच त्या घाबरल्या.

मृणालिनी मूळच्या नागपूरच्या, धरमपेठेतल्या. पंचाण्णव साली लग्न करून न्यू जर्सीत आल्या. नवरा संजय सॉफ्टवेअरमध्ये. पत्नी म्हणून मिळालेल्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती. आठ वर्षं घरात गेली. त्यात मुलगी झाली, वेस्ट विंडसरला घर झालं, गाडी चालवायला शिकल्या. ते शिकणं त्यांना इतकं आवडलं की ग्रीन कार्ड हातात येताच त्यांनी ओळखीच्या बायकांसारखा कॉम्प्युटरचा कोर्स लावला नाही, विमानतळाच्या बसचं लायसन्स काढलं. मराठी मंडळाच्या दिवाळीत एका काकूंनी विचारलं होतं, “अगं, बीएस्सी ना तू? मग बस का चालवतेस?” मृणालिनींनी उत्तर दिलं, “बाकीच्यांना पार्किंगमध्ये थंडी वाजते म्हणून.” दोन हजार सहामध्ये धावपट्टीच्या विभागात जागा निघाली. पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या, दुसऱ्या वेळी पास झाल्या. पाच नंबरची गाडी त्यांना मिळाली, कारण ती कोणाला नको होती. तिचं हीटर पायापाशी चालत नाही.

मंगळवारी संध्याकाळी संजय न्यूयॉर्कहून गाडीने आले तेव्हा साडेसात वाजले होते. सकाळची हकिगत त्यांना फोनवर कळली होती. कोट काढता काढता त्यांनी विचारलं, “जेवली नाहीस ना अजून?”

“हो,” मृणालिनी म्हणाल्या.

“चल मग, पानं घेतो.”

हिमानी, वय बारा, टेबलाशी गृहपाठ करत होती. तिने मान वर केली. “वेट. आई जेवलीये की नाही?”

“नाही जेवली,” संजय म्हणाले.

“पण ती हो म्हणाली.”

“हो म्हणजे नाही जेवली.”

“दॅट मेक्स नो सेन्स, बाबा. फर्स्ट ग्रेडमध्ये माझं असंच झालं होतं. टीचरने विचारलं, यू डिडन्ट ब्रिंग लंच? मी येस म्हटलं. शी सेड ओके, अँड लेफ्ट. आय वॉज हंग्री ऑल डे.”

“मला कधी सांगितलं नाहीस,” मृणालिनी म्हणाल्या.

“सांगितलं होतं. तू म्हणालीस, बरोबरच तर बोललीस.”

मृणालिनींनी हातातला डाव खाली ठेवला. “संजय, एक सांग. मी धावपट्टीवर आहे. तू विचारलंस, अजून बाहेर नाहीस ना? मी येस म्हटलं. मी कुठे आहे?”

“धावपट्टीवर. हे काय विचारणं झालं?”

“हिमानी?”

“बाहेर,” हिमानी म्हणाली, आणि परत गणितात गेली.

आपल्या बोलण्यात हे इतकं मुरलेलं आहे की कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘जेवली नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं तरी माणूस उपाशी असतो आणि ‘हो’ म्हटलं तरी उपाशीच असतो. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो: तुम्ही म्हणता ते बरोबर. इंग्रजीतला ‘येस’ घटनेला असतो: ते घडलं आहे. मृणालिनी बारा-तेरा वर्षं इंग्रजी बोलत होत्या, परीक्षा इंग्रजीत पास झाल्या होत्या, पण घाईच्या क्षणी उत्तर मराठीतून निघालं आणि इंग्रजी शब्द घालून बाहेर पडलं.

चौकशी पुढच्या सोमवारी झाली. खोलीत चौघं होती: पालुम्बो, प्रशिक्षण विभागातल्या एक बाई, मृणालिनी, आणि करडा स्वेटर घातलेला एक ठेंगणा गृहस्थ. तो बोलला तेव्हा मृणालिनींना कळलं, की हेच कोवॅक. आवाजावरून त्यांनी सहा फुटी माणूस धरला होता.

मृणालिनींनी जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग जसाच्या तसा सांगितला.

“म्हणजे तुमच्याकडे येस म्हणजे नो?” पालुम्बोंनी विचारलं.

“नाही. येस म्हणजे तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे.”

“माझी बायको ‘फाइन’ म्हणते,” पालुम्बो म्हणाले. “त्याचा अर्थ बावीस वर्षं शोधतोय.”

प्रशिक्षणाच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे पुन्हा होणार नाही कशावरून? प्रश्न रास्त होता. तसं आपल्याला सांगता येणार नाही, असं मृणालिनी म्हणाल्या. आठवडाभर त्या हाच विचार करत होत्या. ओळखपत्र परत मिळावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते आपल्याला द्यावं की नाही, याची खात्री मात्र त्यांची त्यांनाच नव्हती.

तेव्हा कोवॅक बोलले. त्यांनी आपलं म्हणणं त्याच मंगळवारी, पाळी संपण्याआधी, स्वतःहून लिहून दिलं होतं आणि त्यातलं एक वाक्य त्यांना सर्वांसमोर सांगायचं होतं. “तो प्रश्न मी तसा विचारायलाच नको होता. ‘नॉट’ घालून विचारलेल्या प्रश्नाला रेडिओवर धड उत्तर नसतं. हे मी नव्या मुलांना शिकवतो. त्या दिवशी मीच विचारला.”

“पण तुम्ही परत विचारलंत,” मृणालिनी म्हणाल्या. “का?”

“तुम्ही ‘क्लिअर’ म्हणाला नव्हतात. मला तो शब्द ऐकायचा होता. तो आला नाही.”

“येस तर आला होता.”

“येसवर मी विमान उतरवत नाही.”

एवढंच. पुढे त्यांनी कॉफी घेतली.

त्यांच्या त्या कबुलीची तिथे कोणाला गरज नव्हती. सगळा दोष उच्चाराच्या आणि परदेशी बाईच्या खात्यावर टाकणं सोपं होतं. फीतही त्यांच्याच बाजूने बोलत होती. मृणालिनी म्हणतात, “त्यांनी विमान वर पाठवलं, ते त्यांचं काम होतं. त्याबद्दल मी ऋणी आहेच. पण सोमवारी ते जे बोलले, ते त्यांचं काम नव्हतं.”

निर्णय दोन भागांत आला. विमानतळावर यापुढे कोणत्याही गाडीने रेडिओवर नुसतं हो किंवा नाही म्हणायचं नाही. गाडी कुठे आहे ते पूर्ण वाक्यात सांगायचं. टॉवरनेही प्रश्नात ‘नॉट’ घालायचा नाही. आणि दाणींनी धावपट्टीवरची परीक्षा पुन्हा द्यायची, खऱ्या बर्फात. नापास झाल्या तर पुन्हा बस चालवायची.

सरावाची जबाबदारी घरच्यांनी घेतली. दाणींच्या घरात हो आणि नाही या दोन्ही शब्दांना बंदी झाली. संजय भांडी घासताना एकदम विचारत, “दूध आणलं नाहीस?” मृणालिनींनी म्हणायचं, “दूध फ्रिजमध्ये आहे.” हिमानीने या व्यवस्थेचा फायदा घेतला.

“आई, यू आर नॉट मॅड ॲट मी?”

“मी चिडलेली आहे. तुझ्या खोलीत तीन ओले टॉवेल पडलेत.”

“आय वॉज जस्ट हेल्पिंग यू प्रॅक्टिस.”

“टॉवेल उचलून प्रॅक्टिस कर.”

पहिल्या चार दिवसांत मृणालिनी इतक्या वेळा चुकल्या, की संजयनी मोजणं सोडलं. नागपूरहून आईचा फोन आला, “बरी नाहीस का गं?” यावर ठणठणीत असलेल्या मृणालिनी “हो” म्हणाल्या, आणि आईने अर्धा तास औषधं सांगितली. ते उत्तर नेमकं कोणत्या भाषेतून चुकलं, यावर घरात बराच वाद झाला.

खरा बर्फ महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पडला. परीक्षा घ्यायला प्रशिक्षणाच्या बाई स्वतः शेजारच्या सीटवर बसल्या. पायाशी हीटर नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही. टॉवरमध्ये कोवॅकच होते, पण परीक्षेपुरते प्रश्न बाई हातातल्या वायरलेसवरून विचारणार होत्या, कारण आता टॉवरला वाकडे प्रश्न विचारायला मनाई होती.

धावपट्टी वाहतुकीला बंद होती. मृणालिनींनी पाचवं चाक टेकवलं, वेग चाळीसवर नेला. आकडा बेचाळीस, एकेचाळीस, अडतीस. तो कळवून झाला. बाहेर पडायची सूचना आली, ती त्यांनी परत म्हटली. डेल्टाच्या तोंडाशी त्या दिवशी बांध नव्हता. त्या वळणार, इतक्यात शेजारून, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून, बाईंनी वायरलेसवर विचारलं, “ऑप्स फाइव्ह, यू आर नॉट क्लिअर?”

“ऑप्स फाइव्ह धावपट्टीवर आहे, डेल्टाजवळ,” मृणालिनी म्हणाल्या.

धावपट्टीची हद्द दाखवणारी रेषा ओलांडल्यावर: “ऑप्स फाइव्ह धावपट्टीच्या बाहेर आहे, डेल्टावर. क्लिअर.”

बाईंनी आणखी चार वेळा, चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. शेवटचा प्रश्न त्यांनी गाडी थांबल्यावर, वायरलेस बंद करून, सहज गप्पा मारल्यासारखा टाकला. “तुम्हाला थंडी वाजत नाही?”

“माझे पाय गारठलेत,” मृणालिनी म्हणाल्या. बाईंनी कागदावर सही केली.

ओळखपत्र त्याच दुपारी परत मिळालं. शनिवारी संजय आणि मृणालिनी एडिसनला किराणा आणायला गेले, तेव्हा ओक ट्री रोडवर त्यांनी पातळ पोह्यांच्या चिवड्याचा मोठा पुडा जास्तीचा घेतला. टॉवरमध्ये बाहेरच्यांना वर जाता येत नाही. म्हणून सोमवारी पाळी संपल्यावर मृणालिनी खाली, टॉवरच्या दाराशी, मोटारी लावतात तिथे थांबल्या. कोवॅक जेवणाचा डबा हलवत बाहेर आले.

त्यांनी पुडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हे तिखट नाही ना?”

प्रश्न कसा विचारला गेला ते कोवॅक यांच्या लक्षात आलं होतं. ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

“तिखट आहे,” मृणालिनी म्हणाल्या. “त्यात हिरव्या मिरच्या तळून घातल्यात. त्या बाजूला काढता येतात.”

“क्लिअर,” कोवॅक म्हणाले.

त्यांनी तिथेच पुडा फोडला, मूठभर तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात राहिले. मिरच्या काढल्या नाहीत. आभार मानायचे म्हणून मृणालिनींनी इंग्रजीत दोन वाक्यं तयार केली होती, ती राहून गेली. कोवॅक यांनी पुड्याचं तोंड मुडपून तो डब्यावर ठेवला. शुक्रवारच्या परीक्षेत आकडा अडतीसवर गेला तेव्हा तो लगेच कळवल्याने धावपट्टी उघडल्यावर आलेल्या पहिल्या विमानाला वेळेत सांगता आलं, असं म्हणाले, आणि आपल्या गाडीत बसले.

मार्च सुरू झाला आहे. धावपट्टीवर बर्फ येण्याचे दिवस अजून पाच-सहा आठवडे राहतील. सर्व गाड्यांमध्ये रेडिओच्या वर आता एक पट्टी चिकटवली आहे: कुठे आहात ते सांगा. या नियमाला खालच्या मंडळींनी ‘लिनीज रूल’ असं नाव दिलं. मृणालिनींना ते पसंत नाही. नियमाला नाव द्यायचंच असेल तर ते कोवॅक यांचं द्यावं, असं त्यांनी पालुम्बोंना सांगितलं. पालुम्बो म्हणाले, कोवॅक यांनीही येऊन नेमकं उलटं सांगितलंय, आणि मला तुम्हा दोघांचा कंटाळा आला आहे.

उद्या गुरुवार. हवामान खात्याने सकाळी दोन ते चार इंच बर्फ सांगितला आहे. टॉवरमध्ये कोवॅक यांची साप्ताहिक सुट्टी आहे, त्यांच्या जागी दुसरा माणूस असेल. पाच नंबरच्या गाडीवर, सकाळी पाच ते दुपारी एक, मृणालिनी दाणी आहेत.